काजाचा व्हिडिओ

माझी जीभ तिखट आहे, हे मला सासूपासून विद्यार्थिनींपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं आहे, आणि इतकी वर्षं मी ते कौतुक म्हणूनच घेत आले. धुळ्यातल्या एका अध्यापक विद्यालयात मी शिवणकाम आणि वस्त्रशास्त्र शिकवते. उद्या शिक्षिका होणाऱ्या मुलींना कापड ओळखायला, टाके घालायला, झबलं बेतायला शिकवायचं, आणि हेच सगळं लहान पोरांना कसं शिकवायचं तेही शिकवायचं, असं दुहेरी काम. बावीस वर्षं झाली त्याला. मुलगी सुई कशी धरते ते बघून मी तिच्या घरात शिवणयंत्र आहे की नाही ते सांगू शकते, असं मी स्टाफरूममध्ये छाती पुढे काढून सांगायची. आता नाही सांगत.

टाळेबंदीत कॉलेज बंद पडलं आणि शिवण फोनवर आलं. पहिले दोन महिने मी नुसती चिडचिड केली. फोनच्या काचेवर खादी काय आणि पॉपलीन काय, दोन्ही सारखीच गुळगुळीत. पण नोकरी करायची तर शिकणं भाग होतं. शेजारणीला फोन धरायला लावून मी धावदोऱ्याचा, हेमचा, बटणाच्या काजाचा असे एकेक व्हिडिओ केले, आणि काय सांगू, मला ते आवडायलाच लागलं. वर्गात चाळीस मुली टेबलाभोवती गर्दी करतात तेव्हा मागच्यांना माझी पाठच दिसते. फोनवर प्रत्येकीला माझं बोट दिसत होतं, सुई कुठून वर आली ते थांबवून बघता येत होतं. म्हणून कॉलेज पुन्हा भरायला लागल्यावरही मी ती पद्धत सोडली नाही.

उलट आणखी पुढे गेले. प्रात्यक्षिकाचे पंचवीस मार्कसुद्धा व्हिडिओ बघून द्यायचे ठरवलं. घरी बसून एक काज करायचं, मध्ये न तोडता त्याचं चित्रीकरण करायचं आणि ड्राइव्हवर टाकायचं. चेहरा नको, फक्त हात दिसू देत, हा नियम माझाच. खेड्यातल्या बऱ्याच घरांत मुलीचा चेहरा फोनवरून कुठल्या कुठे जाईल म्हणून धास्ती असते. भाऊ नको म्हणतो, आबा रागावतील, असे फोन मला यायचे. हातांना कोण नाही म्हणणार, असा मी विचार केला. प्राचार्य तर खूश झाले. बाहेरून कोणी आलं की आमच्याकडे शिवणसुद्धा डिजिटल आहे म्हणून सांगायचे, आणि मी बाजूला उभी राहून पदर सारखा करायची.

त्या वर्षीच्या मुलींत पिंपळनेरकडच्या खेड्यातली एक होती. वडिलांची थोडी शेती, आई घरी ब्लाउज शिवायची. मागच्या बाकावर बसायची, प्रश्न विचारला की उभी राहून आधी ओढणी नीट करायची आणि मग हळू आवाजात बरोबर उत्तर द्यायची. गावाजवळच्या एका आश्रमशाळेने तिला तोंडी सांगून ठेवलं होतं की निकाल घेऊन जूनमध्ये ये, शिवणाचे तास तुलाच देऊ. हे तिनेच मला एकदा जिन्यात थांबवून सांगितलं होतं. म्हणजे त्या पंचवीस मार्कांवर तिचं काय टांगलेलं आहे ते मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नको.

तिचा व्हिडिओ उघडला आणि मी खुर्चीत ताठ झाले. काज कसलं, दागिना होता. टाके एकमेकाला चिकटून, सगळे एका उंचीचे, वरच्या गाठी एका रेषेत. आणि सुई डाव्या हातात. ती वर्गात उजव्या हाताने कात्री धरते हे मला पक्कं ठाऊक होतं. डावखुरी मुलगी शिवणाच्या वर्गात लपत नाही. तिला आपली नेहमीची कात्री बोचते, मी तिला पहिल्याच आठवड्यात वेगळी बसवते. म्हणजे हे हात तिचे नव्हते. आई शिवणारी आहे, आईकडून करून घेतलं. झालं, माझा निकाल लागला. अकरा मिनिटांचा तो व्हिडिओ मी दीडदोन मिनिटं बघितला असेल. बेचाळीस व्हिडिओ तपासायचे होते आणि मला घाई होती.

दुसऱ्या दिवशी मी तो वर्गातल्या मोठ्या पडद्यावर लावला. तिला एकटीला बोलावून विचारता आलं असतं. पण नाही, मला सगळ्यांसमोर धडा द्यायचा होता. तिला उभं केलं आणि हे हात कोणाचे म्हणून विचारलं.

"माझेच आहेत मॅडम," ती म्हणाली.

मग सुई कुठल्या हातात आहे ते सांग, म्हटलं. ती पडद्याकडे बघत राहिली. डावा हात तिलाही दिसत होता. तिने स्वतःचे दोन्ही हात वर करून बघितले, पुन्हा पडद्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट दिसलं की तिचाच गोंधळ उडालाय. मुली हसल्या. मी त्या गोंधळालाच चोरी समजले. कापड आणि सुई तिच्यापुढे टाकली आणि म्हटलं, कर इथे, आमच्यासमोर. तीन वेळा दोरा ओवताना चुकली. बोटं इतकी थरथरत होती की पहिल्या चार टाक्यांतच कापड गोळा झालं. आता मला पुरावाच मिळाला. तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"आईच्या हातांवर शिक्षिका होता येत नसतं, बाई. उद्यापासून आईलाच पाठव कॉलेजला."

वर्गात हशा झाला, आणि खोटं कशाला बोलू, तो ऐकून मला बरं वाटलं. पंचवीसपैकी शून्य दिलं. शेऱ्यात लिहिलं, दुसऱ्याचे काम स्वतःचे म्हणून सादर केले. प्राचार्यांनी सही करताना मान डोलावली, डिजिटलचा हा एक फायदाच म्हणायचा, लबाडी लगेच पकडली जाते, म्हणाले. पुढे त्यांच्या अहवालातही तसं वाक्य गेलं.

ती त्या विषयात नापास झाली. आश्रमशाळेने जूनपर्यंत वाट बघितली आणि तास दुसऱ्या कोणाला दिले. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी त्या मैत्रिणीला म्हटलं, तिने आधी विचार करायला हवा होता. पुढच्या वर्षी तिने प्रात्यक्षिक पुन्हा दिलं. या वेळी व्हिडिओत सुई उजव्या हातात होती, काज देखणं होतं, आणि या वेळी मी व्हिडिओ जवळजवळ पूर्ण बघितला. तेवीस मार्क दिले. वर तिला फोन करून सांगितलं, बघ, स्वतःच्या हातांनी केलं की कसं छान होतं. ती हो मॅडम म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं, मुलगी सुधारली.

त्यानंतर वर्षभराने जळगावला आमच्यासारख्या शिक्षकांची कार्यशाळा होती, शिकवण्याचे व्हिडिओ कसे करावेत यावर. प्रत्येकाने एक नमुना करून आणायचा होता. शेजारीण गावाला गेलेली, फोन धरायला कोणी नाही. मी फोन बरणीला टेकवला, हात चौकटीत येतात की नाही ते दिसावं म्हणून पुढचा कॅमेरा लावला आणि यंत्रावर बाही जोडून दाखवली. एका झटक्यात छान झालं. परत बघायची गरजही वाटली नाही.

जळगावच्या सभागृहात तो पडद्यावर लागला. दोन मिनिटं झाली असतील, अमळनेरहून आलेल्या गणिताच्या एक बाई मागून म्हणाल्या की मॅडम, तुमच्या मशीनचं चाक डावीकडे कसं काय? सभागृह हसलं. शिवणयंत्राचं चाक उजवीकडे असतं, हे शिवण न येणाऱ्या माणसालाही माहीत असतं. पडद्यावर माझं चाक डावीकडे फिरत होतं आणि मी कापड उलट्या हातांनी सरकवत होते. शिकवणाऱ्या साहेबांनी समजावून सांगितलं की काही फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याने काढलेलं चित्र आरशातल्यासारखं उलटं साठवलं जातं, सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करायचं असतं. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

चहाच्या सुट्टीत मी कोपऱ्यात जाऊन फोनवर ड्राइव्ह उघडला. तिचा पहिला व्हिडिओ तिथेच होता. पुरावा म्हणून मीच जपून ठेवलेला. हातांच्या मागे, कोपऱ्यात, अर्धवट दिसणारं शिवणयंत्र होतं. त्याचं चाक डावीकडे होतं. बावीस वर्षं शिवण शिकवणाऱ्या बाईला ते चाक दिसलं नव्हतं. मी पहिल्यांदाच तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. आठव्या मिनिटाला मागून एक बाई आली, यंत्राशेजारी जमिनीवर बसली आणि सुपात तांदूळ निवडायला लागली. तिचे दोन्ही हात सुपात होते. पुढे काज चाललेलंच होतं. मी ज्या आईचे हात म्हणून पोरीला शून्य दिलं, ती आई मागे बसून खडे काढत होती.

दुपारी जेवणात भरीत-पुरी होती. मी पुरी ताटात नुसती कुस्करत होते. ज्यांनी चाक दाखवलं त्या बाई शेजारी येऊन बसल्या, मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांचं होतं असं, म्हणाल्या. त्यांना वाटलं हसण्याचं वाईट वाटलंय. मी मान हलवली. धुळ्याला परतताना एसटीत खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवली, उद्याच प्राचार्यांकडे जायचं, शेरा मागे घ्यायचा, तिला फोन करायचा. पारोळा येईपर्यंत मी फार थोर झाले होते.

धुळ्यात उतरल्यावर ते थोरपण कुठे गेलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी प्राचार्य मला म्हणाले की आता तुम्ही इतर कॉलेजांना जाऊन ही पद्धत शिकवा, नाव सुचवलंय तुमचं. मी मूग गिळून बसले. मग स्वतःला समजावायला सुरुवात केली. ती पास झालीय ना शेवटी. तेवीस मार्क दिलेत आपण. जुनं उकरून तिचाच त्रास वाढेल. अशी किती कारणं सांगू? पाच महिने मी एकही फोन केला नाही. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, मी तो रोज बघत होते आणि रोज दुसऱ्या कोणाला तरी फोन लावत होते. भ्याले होते मी, दुसरं काही नाही.

शेवटी गेले तेही स्वतःहून नाही. विद्यार्थिनींचे सरावाचे पाठ बघायला मला पिंपळनेरच्या एका खाजगी शाळेत पाठवलं. तिथल्या मुख्याध्यापिका चहा देताना सहज म्हणाल्या की आमच्या बालवाडीला तुमचीच एक विद्यार्थिनी आहे, फार गुणी, पण शिवणाचा तास घ्या म्हटलं की काही केल्या घेत नाही. मी नाव विचारलंच नाही. तिला बोलावणं गेलं, ती दारात आली, मला बघून तिने ओढणी नीट केली.

मी तिथेच सगळं बोलणार होते, पण मुख्याध्यापिकांसमोर माझी जीभ उचलेना. वर्गासमोर तिची अब्रू काढताना बरी उचलली होती. शाळा सुटल्यावर तीच म्हणाली, मॅडम, घरी चला, आईला बरं वाटेल. आता ते लोक शेतातलं घर सोडून पिंपळनेरमध्येच भाड्याने राहतात. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिवणयंत्र. आई माझ्याच वयाची निघाली. तिने घाईने चटई टाकली, बठा ना म्याडम, म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

तेवढ्यात मी सांगून टाकलं. चाक, आरसा, सुपातले तांदूळ, सगळं. चूक माझी होती, तू खरं बोलत होतीस, मी तुझं वर्ष घालवलं, तुझी नोकरी घालवली. हे बोलताना मी रडेन असं मला वाटलं होतं, पण रडूही येईना. म्हटलं, मी कॉलेजला लेखी देते, शेरा काढून टाकायला लावते, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

ती चटईची काडी मोडत बसली. मग म्हणाली की मॅडम, मला तेव्हा खरंच कळत नव्हतं. फोन धरायला कोणी नव्हतं म्हणून आरशासारखा समोर ठेवला होता. पडद्यावर डावा हात बघितला आणि मलाच वाटलं, आपण खोटं बोलतोय की काय. तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला खाली बघावं लागलं.

"पण कागदावर काही करू नका," ती म्हणाली. "कोणी तपासायला बसलं तर दुसरा व्हिडिओ पण बघतील."

मला कळलं नाही. बघू देत की, तो तर चांगला आहे, मी म्हटलं.

"तो आईचा आहे मॅडम."

ती सांगत होती आणि मी ऐकत होते. दुसऱ्या वेळी ती काज करायला बसली की हात थरथरायचे. पाच कापडं वाया गेली. कसंही केलं तरी तुम्हाला माझे हात पटणार नाहीत असं वाटायचं, म्हणाली. फी भरलेली, तारीख जवळ आलेली. मग आईला बसवलं. आईला काय सांगितलंस, विचारलं तर म्हणाली, नमुन्यासाठी पाहिजे असं सांगितलं. मागच्या वर्षी थोडक्यात राहिले, इतकंच घरी माहीत आहे. तुम्ही फोन करून स्वतःच्या हातांनी केलंस म्हणालात, तेव्हा मी स्पीकर बंद केला होता. तेव्हापासून सुई हातात घेतली नाही. शाळेत लेकरांना काय शिकवू, म्हणाली.

मी तिला लबाडी करायला लावलं होतं आणि वर शाबासकी दिली होती. हे मी इतकं सरळ आजवर कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तिथे बसून मला काय वाटलं ते विचाराल तर आधी लाज वाटली, आणि मग भीती वाटली की आता हे कधीच दुरुस्त होणार नाही. खरं सांगायला जावं तर तिचंच प्रमाणपत्र धोक्यात, गप्प बसावं तर माझा शेरा तिच्या नावापुढे तसाच.

आई चहा घेऊन आली. कपबशा ठेवून समोर बसली, पदराने हात पुसले. लेकीच्या कॉलेजातली बाई घरी आलेली, तिला कोण आनंद झाला होता. थोडं इकडचं तिकडचं बोलली, ऊन किती वाढलं, पाणी कसं एक दिवसाआड येतं. मग थोडी लाजून म्हणाली की पोरीने तो व्हिडिओ तुम्हाला दाखवायला नेला होता, मी जल्मात पहिल्यांदा फोनसमोर बसले होते, लई भ्याले होते.

"म्याडम, माले किती मार्क दिन्हात?"

मुलीने मान वर केली नाही. मी कप खाली ठेवला.

"तेवीस," मी म्हणाले. "पंचवीसपैकी."

आई हसली. तोंडावर पदर घेऊन, लहान मुलीसारखी हसली. मग काजाचं खरं काम हीच करायची, माझ्यापेक्षा हिचा हात चांगला, गावातल्या बाया ब्लाउज द्यायला यायच्या तेव्हा काज पोरीकडूनच करून घे म्हणून सांगायच्या, असं सगळं अभिमानाने सांगितलं. आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून विचारलं.

"आन हिले? हिले किती दिन्हात?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. सांगू नका, असं म्हणत होती की खोटं बोलू नका, ते मला कळलं नाही, आजही कळलेलं नाही. पण मी तिच्या बाबतीत एकदा मनाला येईल तो अर्थ लावून बसले होते. या वेळी मी आईकडे बघितलं.

"शून्य," मी म्हणाले. "मीच दिलं."